रिकामी पात

१

अश्वजितचं काम सांगायला सोपं होतं. पाण्यात आवाज सोडायचा, तो तळाला लागून परत आला की खाली काय आहे ते ओळखायचं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यातून पुढेमागे प्रवासी बोटी न्यायच्या होत्या, म्हणून तळाशी उभी राहिलेली झाडं, भिंती, विजेचे खांब शोधून द्यायचं कंत्राट पुण्याच्या एका कंपनीला मिळालं होतं. कंपनीला इथला माणूस हवा होता. अश्वजित कोकणातल्या बंदरांवर हेच काम करून आलेला, आणि ज्या चिचटोलीवरून बोट फिरायची होती त्याच गावात जन्मलेला. ज्या शाळेत तो अ-आ-इ शिकला तिची भिंत आता बोटीत बसून मोजायची, याचं त्याला पहिले दोन दिवस वाईट वाटलं. मग सवय झाली. पोटापुढे कसलं आलंय गाव.

बोट धनीरामची होती. धनीराम ढीवर, धरणातच मासे धरणारा, तोंडात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि तरीही बोलणं थांबत नसे. बोटीच्या बाजूला लोखंडी दांडा बांधून त्याच्या टोकाला यंत्र पाण्यात सोडलेलं होतं. दांड्याला कान लावला की बारीक टिकटिक ऐकू यायची. वर पडद्यावर तळाचं पिवळट चित्र हळूहळू सरकत राही.

या धंद्यातली पहिली शिकवण अशी, की वस्तूकडे बघू नये, सावलीकडे बघावं. तळावर काही उभं असलं की पडद्यावर त्याचा नुसता उजळ ठिपका उमटतो. त्याच्या पलीकडे जिथे आवाज पोचत नाही तिथे काळी सावली पडते, आणि आकार कळतो तो त्या सावलीत. सावली लांब तर वस्तू उंच. अश्वजित सावलीवरून बाभूळ आणि बोर वेगळी ओळखायचा, आणि त्याची ऐट कधीमधी धनीरामपुढे मिरवायचाही.

माघातल्या एका सकाळी गावच्या जुन्या बांध्यांवरून, म्हणजे धानाच्या शेतांवरून, काठाला समांतर फेरी मारताना पडद्यावर सावल्यांची एक रांग आली. सरळ, सारख्या अंतरावर. कुंपणाचे खांब असतील म्हणून त्याने खूण केली आणि पुढे गेला. दुपारी डबा खाता खाता ते चित्र परत काढून बघितलं, तेव्हा घास तोंडातच राहिला. खांबाची सावली एकसंध असते. या सावल्या खालच्या बाजूला दुभंगलेल्या होत्या. प्रत्येकीत दोन पट्ट्या, आणि त्यांच्या मधून उजेड.

२

दुसऱ्या दिवशी त्याने आडवी फेरी घेतली. एकदा उभी फेरी मारली की तिला छेदून आडवी मारायची, म्हणजे चूक पकडली जाते. काठाकडून खोलाकडे बोट जाऊ लागली तशी रांगेतली कडेची सावली बाजूने दिसली. कमरेतून वाकलेली. पाठ काठाकडे, एक लांबट भाग खाली तळाला टेकलेला.

आणखी एक गोष्ट होती. तिच्या पुढे, खोल पाण्याच्या बाजूला, तळावर बारीक ठिपके होते, ओळीने, वीत वीत अंतरावर. तिच्या मागे, काठाच्या बाजूला, तळ कोरा.

अश्वजितने ठिकाण तपासलं आणि तो चक्रावला. रांग कालच्या जागेवर नव्हती. काठाकडे सरकली होती, फार नाही, माणूस बसल्या बसल्या हात लांबवेल तेवढी. त्याने आधी यंत्रावर संशय घेतला, तेच शहाणपणाचं होतं. जुन्या विहिरीचा काठ बघितला, शाळेची भिंत बघितली. दोन्ही जिथल्या तिथे होती. यंत्र बिघडलं असतं तर सगळंच सरकलं असतं.

धनीराम मान वाकवून पडद्यात डोकावला. खर्रा चघळणं थांबलं. मासे असतील, असं तो म्हणाला आणि न विचारताच बोट वळवू लागला. त्याच्या या घाईचीच अश्वजितला जास्त काळजी वाटली.

अश्वजितच्या घरात भुताखेताला जागा नव्हती. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच नवस, अंगारा, उतारा उंबऱ्याबाहेर गेले ते गेलेच. लहानपणी कोणी चकव्याची गोष्ट सांगू लागलं की बाप एवढंच विचारी, तू पाहिलास का? गोष्ट तिथेच संपायची. आता तोच प्रश्न अश्वजितने स्वतःला विचारला, आणि पंचाईत अशी की त्याने पाहिलं होतं.

३

रात्रीच्या जेवणाला पुनर्वसनातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात तिघंच असत. तो, त्याची आई बायजाबाई आणि बायको हर्षा. हर्षा तुमसरची. बाप राइस मिलमध्ये, त्यामुळे धान तिने पोत्यातच पाहिलेलं. तुमच्या सुनेला वाटते तांदूळ झाडाला लागतो, असं शेजारणी बायजाबाईला चिडवत, आणि सर्वात मोठ्याने हर्षाच हसे. चिखलात तिने कधी पाय घातला नव्हता. शिवणयंत्र मात्र असं चालवायची की सासू कौतुकाने बघत राही.

मनात सलणारी गोष्ट थट्टेवारी नेली की हलकी होते, असा अश्वजितचा समज होता. म्हणून त्याने ती थट्टेतच काढली.

"माय, तुह्या बाया अजून रोवूनच रायल्या खाली पाण्यात. एक पात मात्र रिकामी ठेवली त्याइनं."

हे त्याने उगाच जोडलं नव्हतं. रोवण्याला बाया एका रांगेत उतरतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला येते ती पट्टी म्हणजे तिची पात. बाई ओणवी होऊन समोर धानाचं रोप खोचते आणि मागे मागे सरकते. आपण कुठे चाललो ते तिला दिसत नाही, रोवलेलं तेवढं दिसतं. पडद्यावरच्या रांगेतही एका ठिकाणी दोन सावल्यांच्या मधे जागा सुटलेली होती, आणि त्या जागेच्या पुढे ठिपकेही नव्हते.

हर्षा हसली. बायजाबाई हसली नाही. भाकरी मोडता मोडता तिने विचारलं, "कोनती पात?"

"विहिरीकडून दुसरी."

"विहिरीच्या अंगानं तुळसा," बायजाबाई म्हणाली. "मंग मी. मंग देवकाबाई."

लग्नाच्या पंगतीत कोण कुठे बसलं होतं ते सांगावं तसं तिने पुढचीही नावं घेतली, टोकापर्यंत. पाणी आलं त्या साली ती बांधी अर्धीच रोवून झाली होती, असंही म्हणाली. अश्वजितला त्या सगळ्या बाया आठवत होत्या. त्यातली एकही बुडाली नव्हती. सगळ्या इथेच, पुनर्वसनात, आपापल्या बाजेवर गेल्या. कोणी काविळीने, कोणी म्हातारपणाने. तुळसाबाईला तर त्याने खांदा दिला होता. रांगेतली उरली होती ती एकटी बायजाबाई. आईने ताट तसंच सारलं आणि हात धुवायला उठली. हे तिच्याजवळ बोलायला नको होतं, असं त्याच्या मनात आलं, पण बाण सुटून गेला होता.

४

धरणाचं पाणी माघ-फाल्गुनात मागे सरतं. जुन्या बांध्या एकेक उघड्या पडतात आणि ज्यांच्या होत्या ते लोक उन्हाळी धान लावतात. चिखल आयताच असतो. यंदा पाणी जास्त सरलं होतं आणि येत्या आठवड्यात काठाच्या बांधीत दीपमालाच्या हुंड्याचा रोवणा ठरला होता. हुंडा म्हणजे एकत्र मिळून काम उचलणाऱ्या बायांची टोळी, आणि दीपमाला तिची म्होरकी. बायजाबाईने गुडघ्यांमुळे चार साल झाली रोवणा सोडला होता.

सकाळी अश्वजित उठला तर आई पेटीतून जुनं लुगडं काढून झटकत होती. दीपमालाला ती पहाटेच रोवण्याला येण्याचा शब्द देऊन आली होती.

त्याने गुडघ्यांची आठवण करून दिली. रांगेत उतरलं की गुडघे दुखत नाहीत, असं उत्तर आलं. तो म्हणाला, खाली काही नाही, झाडाचे खुंट आहेत, मी उगाच बोललो.

"खुंट हाये तं भेव कायचा?" बायजाबाई म्हणाली. "घरची पात रिकामी नाई ठेवत, बाबू."

त्याने तो हादरला. भिऊन बोलली असती तर समजूत घालता आली असती. ती भ्यालेली नव्हती. निरोप आल्यासारखी तयारीला लागली होती. आईला घाबरवून घरात बसवायचं सोडून आपणच तिला तिची जागा दाखवून दिली, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो रागावला. त्याने डॉक्टरचं नाव घेतलं, आरडाओरडा केला, शेवटी तू त्या बांधीत उतरलीस तर मी नोकरी सोडून पुण्याला निघून जातो, या घरात परत येत नाही, असं म्हणाला. बायजाबाई लुगड्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, बरं, नाही जात.

आईचा शब्द पक्का असतो हे त्याला माहीत होतं. तरी त्याने हर्षाला बाहेर बोलावलं.

"काही झालं तरी मायले तिकडं जाऊ देऊ नोको. मी तुह्या भरोशावर जाऊन राहिलो."

"नाही जाऊ देत," हर्षा म्हणाली. "तुम्ही जा बिनघोर."

हर्षाने एखादं काम अंगावर घेतलं की ते तडीला गेल्याशिवाय ती बसत नसे. त्याला खरंच बरं वाटलं.

५

त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये रांग रोज काठाकडे सरकलेली दिसली. रात्रीतून नाही, दिवसाच. सकाळच्या फेरीला एका जागी, दुपारच्या फेरीला तिच्या मागे. जेवणाच्या सुट्टीत मात्र हलत नसे. हे कळलं तेव्हा अश्वजितने पडदाच बंद केला आणि थोडा वेळ नुसता पाण्याकडे बघत बसला. पाणी निवांत होतं. एक पाणकोंबडी पोहत होती.

त्याने पुण्याच्या साहेबांना चित्रं पाठवली. साहेबांनी फोनवर समजावलं की उथळ पाण्यात आवाज तळाला आणि पृष्ठभागाला आपटून दोन-दोनदा परत येतो, त्यातून अशा नकली वस्तू उभ्या राहतात. तसलं सगळं पुसून टाक, बोटीच्या वाटेत येत नाही ते. अश्वजितला हे पटलं. पटवून घेतलं म्हणा. नकली वस्तूला सावली पडत नसते, हे त्याने साहेबांना सांगितलं नाही. ते त्यांनाही माहीत असणार.

पुसण्याआधी त्याने एकदा दांड्याला कान लावला. यंत्राची टिकटिक चालू होती. दोन टिकटिकींच्या मधे आणखी काहीतरी होतं. आधी वाटलं बोटीला पाणी लागतंय. मग त्याने धनीरामला इंजिन बंद करायला लावलं. चुळूक. थोडं थांबून चुळूक. चिखलात बोटं खुपसून काढली की येतो तो आवाज, एका जागचा नाही, रांगेने, पुढेमागे, अनेक हातांचा. आता बुडालेल्या याच बांध्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लहानपणी पडल्या पडल्या तो हाच आवाज ऐकत झोपी जायचा. त्याने कान काढून घेतला. भीतीहून वाईट म्हणजे क्षणभर डोळे जड झाले होते.

"दादा," धनीराम म्हणाला, "उद्यापासून तिकडच्या अंगाचं काम घेतलं तं नाई जमन का?"

काठाजवळची एकच फेरी उरली होती. ती झाली की इकडे यायचं कारण नव्हतं. उद्या सकाळी उरकून टाकू, असं अश्वजितने सांगितलं.

६

सकाळी काठाला रोवणा लागला होता. बाया वरच्या धुऱ्याकडून उतरल्या होत्या आणि रोप खोचत पाण्याच्या दिशेने मागे मागे येत होत्या. बोटीतून त्यांच्या पाठी दिसत होत्या, खोचलेली लुगडी, डोक्याला बांधलेले दुपट्टे. कोणीतरी गाणं धरलं होतं. चांगलं ऊन पडलं होतं.

अश्वजितने पडदा चालू केला. रांग होती. काठापासून एवढी जवळ, की मागे सरकायला तिला फारसं पाणीच उरलं नव्हतं. जमिनीवरच्या बायांची पाठ पाण्याकडे, पाण्यातल्यांची पाठ जमिनीकडे. दोन्ही रांगा एकमेकींकडे पाठीने चालल्या होत्या.

त्याने सुटलेली जागा शोधली. ती अजून रिकामी होती. त्याने मोकळा श्वास घेतला आणि तिच्या नेमक्या समोर काठावर कोण आहे ते बघितलं. एक सडपातळ पाठ, डोक्यावर निळा दुपट्टा. आई नव्हती. आई ठेंगणी आणि रुंद. तरीही खात्री करावी म्हणून त्याने घरी फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग आईचाच आवाज आला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"घरीच हाओ," बायजाबाई म्हणाली. "तुले शब्द देल्ला ना. हर्षा गेली माह्या पातीले."

त्याने पुन्हा काठाकडे पाहिलं.

"मी नाई पाठवली," ती म्हणाली. "हर्षाच म्हने, दीपमालाले शब्द देल्ला, घरची पात रिकामी कशी ठेवाची. तुमाले जाऊ नाई देत, मीच जातो, म्हने. मी लुगडं देल्लं खोचाले. बाबू, तिले तं रोप धरता बी येत नाई. लवकर परतन असं वाटलं मले."

निळ्या दुपट्ट्याची बाई त्याला आता ओळखू आली. डावा हात रोपांची पेंडी धरून गुडघ्यावर, उजवा हात खाली-वर, खाली-वर. तो हात अडखळत नव्हता. शेजारच्या दोघींच्या पुढे निघाला होता. जन्मभर हेच केलेल्या बाईचा हात होता तो.

७

"हर्षा!" तो ओरडला.

काठावरचं गाणं थांबलं. बाया ओणव्याच्या सरळ झाल्या आणि वळल्या, एक, दुसरी, मग सगळ्या. हर्षा सरळ झाली नाही.

पडद्यावरही काहीतरी झालं. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला ते कळलं. एकेक सावली लांब होत गेली, कडेपासून ओळीने, आणि पडद्याच्या टोकापर्यंत पोचली. सावली टोकापर्यंत जाते ती तेव्हाच, जेव्हा वस्तू पाण्याच्या वर आलेली असते.

त्याने पाण्याकडे पाहिलं नाही. काठावरच्या बायांच्या तोंडाकडे पाहिलं. हाक त्याने मारली होती, तेव्हा त्यांनी बोटीकडे बघायला हवं होतं. त्यांची नजर बोटीपर्यंत आलीच नाही. मधल्या पाण्यातच अडकली. दीपमालाच्या हातातली पेंडी खाली पडली. बाया तशाच, वळून, धुऱ्याकडे पळत सुटल्या आणि बांधीत एकटी हर्षा उरली, मागे मागे सरकत, घोट्यावरून पोटरीभर पाण्यात.

धनीराम बोट पुढे न्यायला तयार होईना. तो बोटीच्या तळाशी बसून दोन्ही हातांनी तिची कड घट्ट धरून होता. अश्वजितने उडी टाकली. पाणी छातीला लागलं, मग कमरेला. नजर त्याने त्या निळ्या दुपट्ट्यावरून हलू दिली नाही. डावीकडे आणि उजवीकडे पाणी गार होतं, तो चालत होता तेवढीच पट्टी कोमट होती. त्याला कशाचाही धक्का लागला नाही.

तो हर्षाला वळसा घालून तिच्या पुढे आला, चिखलात, आणि त्याने तिची दोन्ही मनगटं धरली. "हर्षा, चाल. घरी चाल. मी हाओ," असं काहीबाही तो बोलत राहिला. तिने मान वर केली. कामात असताना कोणा पोराने आडवं यावं तशी ती त्याच्याकडे बघत होती. राग नव्हता, ओळखही नव्हती. सहा वर्षांच्या संसारात जिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं, ती त्याला म्हणाली,

"पातीतून बाजू हो, बाबू. मांगं बाया खोळंबल्या."

तिच्या खांद्यावरून पलीकडचं पाणी दिसलं असतं. अश्वजितने डोळे मिटून घेतले आणि होतं नव्हतं ते बळ लावून तिला धुऱ्याकडे ओढलं. हर्षा एक पाऊल मागे, पाण्याकडे सरकली, आणि तिच्याबरोबर तोही.